चूळ भरायचा नळ

शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीचा जिना उतरतानाच ह्यांनी अट घातली. तिथे चहा घ्यायचा, जेवायचं नाही. एकदा त्यांचं मीठ खाल्लं की नाही म्हणताना जीभ जड होते. मी विचारलं, नाही म्हणायचं आधीच ठरलं असेल तर एवढ्या लांब जायचं कशाला? "बघायला," असं म्हणून हे रुमालाची घडी खिशात ठेवत पुढे निघाले. एवढ्या वर्षांच्या संसारात मला कळलेली गोष्ट म्हणजे, ह्यांचं वाक्य जितकं लहान तितका पुढचा दिवस मोठा जातो.

बघायचं होतं ते लेकीने ठरवलेलं घर. लेक एका प्रयोगशाळेत काम करते, अन्नपदार्थ तपासते. मुलगा कॉलेजात तिच्याच वर्गातला. त्याच्या घरची द्राक्षाची बाग आहे आणि त्या द्राक्षांची ते वाइन करतात, म्हणजे त्याच्या वडिलांनी सुरू केली आणि आता हा करतो. मुलगा आमच्याकडे दोनदा येऊन गेला होता. नम्र, थोडा लाजऱ्या हसण्याचा, चपला जिन्यात नीट एका रेषेत काढून ठेवणारा. मला तो आवडला होता. ह्यांनाही आवडला असावा, कारण तो गेल्यावर ते त्याच्याबद्दल काहीच वाईट बोलले नाहीत, आणि आमच्या पेठेत यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही.

पण धंदा ऐकल्यावर त्यांनी विषय मिटवला. दारू गाळणाऱ्यांच्या घरात मुलगी द्यायची नाही. लेक म्हणाली, बाबा, वाइन म्हणजे दारू नव्हे. हे म्हणाले, मग काय दूध आहे? त्यानंतर महिनोन्‌महिने घरात भांड्यांचेच आवाज. शेवटी एका संध्याकाळी लेक फटकन बोलून गेली की दारूबिरू सगळं निमित्त आहे, खरं कारण जात आहे, ते सांगायची तुम्हाला लाज वाटते. हे पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढत होते. एका रेषेवरून वाद घालतील असा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही. उठून गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे काढायला लागले. लेक मला म्हणाली, "मी पळून वगैरे जाणार नाही. बाबांच्या मनाविरुद्ध काही करणार नाही. पण मग त्यांच्या मनासारखंही काही होणार नाही, एवढं त्यांना सांग." मी ते सांगितलं. त्यातून ही आजची भेट निघाली होती. आज हे नाही म्हणाले तर माझी लेक माझ्याच घरात पाहुण्यासारखी राहणार, हे मला दिसत होतं.

खरं कारण मला माहीत होतं आणि तेच माझं दुखणं होतं. लेकीला ते माहीत नव्हतं.

माझे सासरे मी पाहिले नाहीत. त्यांचा फोटो आमच्या बैठकीत आहे, काळा कोट, टोपी, नाकासारखी सरळ नजर. कचेरीत त्यांच्या अक्षराचं कौतुक होतं म्हणे. लग्न होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा एकदा मी उरलेली भाजी टाकायला निघाले, तर ह्यांनी माझ्या हातातून पातेलं घेतलं आणि उभ्या उभ्या ती भाजी संपवली. मग एकदाच, आणि पुन्हा कधी नाही, मला सांगितलं. सासरे संध्याकाळी बुधवार पेठेतल्या एका बोळात जाऊन पीत बसायचे. थोरला मुलगा म्हणून त्यांना घरी आणायचं काम ह्यांचं. घरी आले की पान वाढ म्हणून ओरडायचे, वाढलं की दोन घास खाऊन ते सरकवायचे आणि तिथेच आडवे व्हायचे. सासूबाई कुणाला काही बोलायच्या नाहीत. त्या ते उरलेलं पान पुढे ओढायच्या आणि संपवायच्या. वाढलेलं टाकायचं नाही, हा आमच्या घरातला नियम तिथून आलेला. लेकीला वाटतं तो पुणेरी काटकसरीतून आलाय आणि ती मैत्रिणींना तो हसत हसत सांगते.

सासूबाई आमच्याजवळच राहिल्या, आमच्याजवळच गेल्या. फोटोला हार त्या स्वतः घालायच्या. लेकीला लहानपणी उचलून त्यांनीच नमस्कार करायला शिकवलं. आता त्या फोटोतल्या माणसाविषयी तिला काय आणि कुणी सांगायचं?

टॅक्सीत लेक पुढे बसली. हडपसर मागे पडलं. माझ्या पिशवीत शालीच्या खाली नारळ, खण आणि रुमालात बांधलेले तांदूळ होते. विहिणीची ओटी भरायचं सामान. ह्यांना न सांगता घेतलं होतं. खड्डा आला की नारळ पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीवर आपटायचा आणि मी खोकायचे.

मुलाचं गाव केव्हाच पालिकेत आलेलं आहे. तिन्ही बाजूंनी पंचवीस-तीस मजली इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या चादरी, आणि मधे एकदम मांडवावर चढवलेल्या वेलींच्या रांगा. द्राक्षं तोडायचे दिवस होते. बायका डोक्याला पदर गुंडाळून रांगांमधून क्रेट भरत होत्या. फाटकाशी मंडळी उभी होती. मुलगा, कडक इस्त्रीच्या शर्टातले त्याचे वडील, आई, आणि काठी टेकून आजोबा. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ह्यांची नजर त्या माळेवर गेली आणि तिथेच थांबली. माळकरी माणूस दारूला शिवत नाही, हे काय सांगायला हवं?

मुलाची आई पुढे आली, माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, सैपाक तयार हाय, आधी बाग बघू मग निवांत जेवू. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "आम्ही फक्त चहा घेऊ. थोडी घाई आहे." आम्हाला कसलीही घाई नव्हती. त्या बाईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण तिने माझे हात सोडले. लेक जमिनीकडे बघत होती. मला त्या क्षणी ह्यांचा इतका राग आला की पिशवीतला नारळ तिथेच फोडावा.

मुलाचे वडील आम्हाला बाग दाखवायला लागले. शनिवारी-रविवारी शहरातली तरुण मंडळी इथे येतात, त्यांना सांगून सांगून त्यांचं बोलणं पाठ झालेलं होतं. ही आमची बाग, तीन पिढ्यांचा वारसा, इथली माती, इथला वारा. हे मधेच म्हणाले, ती तरुण मंडळी परत जाताना गाडी कोण चालवतं? वडील म्हणाले, आम्ही घोट-घोटच देतो. हे म्हणाले, "आणि त्यांचे आईवडील कुठे असतात?" ते बिचारे पुढच्या रांगेकडे वळले. मुलगा माझ्या लेकीकडे बघत होता आणि लेक कुणाकडेच बघत नव्हती.

गोष्ट पुढे सुरू झाली. पूर्वी इथे खायची द्राक्षं होती, आजोबांनी लावलेली. एका वर्षी माल तोडायला आला आणि गारांसकट अवकाळी पाऊस झाला. मणी तडकले. व्यापाऱ्याचा ट्रक फाटकातून रिकामा परत गेला. "तेव्हा आम्ही संकटाचं संधीत रूपांतर केलं," असं वडील म्हणाले, आणि मागून काठीचा आवाज आला.

"कुठलं रूपांतर? इचार न करता पिंपात भरली आन् सडवली," आजोबा म्हणाले. "पयल्या वर्साची बैलानं सुदिक प्याली नसती."

मग खरी हकिकत आजोबांनीच सांगितली. त्यांचा मुलगा, म्हणजे आम्हाला बाग दाखवणारे वडील, तेव्हा नवं लग्न झालेला. तडकलेली द्राक्षं फेकून देववेनात म्हणून त्याने कुणाकडून तरी शिकून ती पिंपात भरली. आजोबांना कळल्यावर त्यांनी त्याला सांगितलं की माळकऱ्याच्या घरात दारू गाळणारा जेवणार नाही. मुलगा पिंपांच्या शेडमध्ये राहायला गेला. तिथेच झोपायचा. जेवण तिथेच जायचं. वर्ष गेलं, पुढच्या वर्षीही बाप शेडमध्ये गेला नाही आणि लेक घरात आला नाही. शेवटी नातू झाला, त्याच्या बारशाला बाप घराबाहेर कसा ठेवायचा म्हणून आजोबांनी वाट काढली. शेड आणि घर यांच्या मधे एक नळ बसवला.

तो नळ त्यांनी आम्हाला दाखवला. साधा पितळी नळ, खाली फरशी, पलीकडे घराच्या पायऱ्या. शेडमधून येणाऱ्या प्रत्येकाने तिथे चूळ भरायची, हातपाय धुवायचे आणि मगच पायरी चढायची. वाइन करणाऱ्याला चव बघावी लागते, ती तोंडात घोळवून थुंकायची. घरात बाटली यायची नाही आणि घोट गिळलेलं माणूसही यायचं नाही.

"जो गिळंल त्यो त्या दिशी भाईर जेवंल," आजोबा म्हणाले. "मग त्यो कुनी का आसंना."

ह्यांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. विचारलं, "पाळतात?" आजोबा म्हणाले, पाळत्यात. बास, एवढंच झालं. पण ह्यांच्या खांद्यांत काहीतरी सैल झालं असं मला वाटलं आणि मी उगाच आशा करून बसले.

शेडमध्ये गारवा होता आणि आंबूस गोड वास. पोलादी टाक्या, एका भिंतीशी लाकडी पिंपं. सिमेंटच्या लांब टेबलावर काचेचे पेले मांडले होते आणि शेजारी थुंकायला स्टीलची झाकणाची बादली. मुलगा सगळं समजावून सांगत होता, पण घाबरलेला होता. घाबरलेलं माणूस हाताच्या सवयीने वागतं. त्याने बोलता बोलता सगळ्या पेल्यांत ओतलं, एकात पांढरी, एकात लाल, माझ्यापुढे, लेकीपुढे आणि ह्यांच्याही पुढे. ओतून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. माफ करा काका, असं म्हणत त्याने ह्यांच्यापुढचे पेले उचलले आणि बादलीचं झाकण काढलं.

"काय करताय?" हे म्हणाले.

टाकून देतो, असं तो म्हणाला. त्यात काही विशेष नव्हतं, तिथे तीच रीत. पाहुणे घोटभर घेतात, उरलेलं बादलीत जातं. पण मला कळलं की तो नको तो शब्द बोललाय.

"ठेवा खाली. वाढलंय ना ते माझ्यापुढे?"

आणि ज्या माणसाने आमच्या लग्नातलं पंचामृतही हुंगून पाहिलं होतं, त्याने पहिला पेला उचलून काढा घ्यावा तसा डोळे मिटून एका दमात घेतला. पेला टेबलावर ठेवला. मग दुसरा घेतला. लेक हळूच म्हणाली, "बाबा, नका." तोवर तोही रिकामा झाला होता.

माझ्या मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता, पण आला तो सांगते. मला वाटलं, जेवण टाळायचा ह्याहून सभ्य मार्ग ह्यांना सापडला नसता. गिळलं की घरात जायचं नाही, घरात गेलं नाही की पानावर बसायचं नाही, आणि संध्याकाळी फोन करून नाही म्हणायला जीभ मोकळी. त्या घरच्याच नियमाने ह्यांनी त्या घराला बांधलं. मी माझे दोन्ही पेले तसेच ठेवून बाहेर आले.

नळावर सगळ्यांनी चुळा भरल्या, न प्यायलेल्यांनीही. ह्यांनीही भरली, तोंड पुसलं, रुमाल घडी करून ठेवला आणि नळाच्या अलीकडे शेडच्या ओट्यावर बसले. म्हणाले, मी गिळलंय, मी आत येणार नाही. मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, अहो, तो नियम आमच्यापुरता, पाहुण्यांना नाही.

"पाहुण्याला वेगळा असेल तर तो नियम नव्हे, नुसती पाटी," हे म्हणाले.

मग ते आजोबांकडे वळले आणि जे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं ते त्या परक्या माणसासमोर, उन्हात, अगदी सरळ आवाजात सांगितलं.

"माझे वडील गिळून आत यायचे. रोज. आमच्याकडे नळ नव्हता. ते दारू गिळायचे आणि आई त्यांचं उरलेलं पान."

लेक नळाशी उभी होती. नळ बंद करायचा तिच्याकडून राहिला होता आणि पाणी तिच्या पावलांवरून वाहत होतं. ती पुढे आली, बापासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मी तुम्हाला जातीवरून बोलले. तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू त्या फोटोला रोज नमस्कार करायचीस," हे म्हणाले. "माझ्या आईने शिकवलेला."

तिने आपलं डोकं त्यांच्या गुडघ्याला टेकवलं. मला पुढे होऊन तिला धरावंसं वाटत होतं, पण ती जागा त्या दोघांची होती. मी पिशवी पोटाशी धरून उभी राहिले आणि रडले, कुणी बघतंय का याची पर्वा न करता.

आजोबांनी वाहता नळ बंद केला. मग विचारलं, "मंग आज कशापायी घेतली?"

"त्यांना त्यात काय मिळत होतं ते बघायचं होतं."

"घावलं?"

"नाही. आंबट आहे."

मुलगा म्हणाला, पांढरी गेल्या हंगामात जरा लवकर तोडली म्हणून. लेकीने मान वर करून त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. त्याची आई पदर तोंडाला लावून हसली आणि मग तिचेही डोळे भरले.

आजोबा काठी टेकत पायऱ्या चढून आत गेले. मला वाटलं, झालं, संपलं, म्हातारा दुखावला. टॅक्सी बोलवायला मी फोन काढला. तेवढ्यात ते परत आले, मागे त्यांची सून दोन ताटं घेऊन. आजोबा नळ ओलांडून अलीकडे आले आणि ओट्यावर ह्यांच्या शेजारी बसले. ताटं दोघांच्या पुढे ठेवली गेली. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, लसणाची चटणी, कडेला मीठ.

"माझा ल्योक शेडात जेवायचा तवा मी त्याच्याजवळ न्हाई बसलो," आजोबा म्हणाले. "ही बसायची, पोटुशी असून. आपलं मानूस भाईर जेवत आसंल तर त्याच्यासंगं बसावं, येवढं मला लई उशिरा कळलं. जेवा."

हे ताटाकडे बघत राहिले. त्यांचं घासाचं आणि मिठाचं सगळं गणित मला ठाऊक होतं. जेवायचं नाही असं सकाळी सांगून ते निघाले होते. आणि वाढलेलं टाकायचं नाही हे त्यांच्या हाडात होतं. आमच्या घरातले दोन नियम त्या ओट्यावर समोरासमोर उभे होते आणि मला कुणाच्याही बाजूने बोलता येत नव्हतं. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई, लेक, सगळे नळाच्या आसपास उभे. कुणीतरी वेलींमधून हाक मारत होतं, क्रेट संपले म्हणून, आणि कुणी तिकडे जात नव्हतं. आजोबांनी स्वतःच्या भाकरीला हात लावला नव्हता.

मग ह्यांनी भाकरी मोडली. आधी कडेच्या मिठाला लावली, मग उसळीत बुडवली आणि खाल्ली.

ते हळूहळू जेवले. शेवटच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं. मुलाची आई आणखी वाढायला आली तेव्हा हात आडवा न करता म्हणाले, अर्धी चालेल. ती अर्धीही संपवली. रिकामं ताट आपल्या हाताने नळावर नेऊन विसळलं आणि हात पुसत माझ्याकडे आले.

"सकाळपासून खोकते आहेस," ते म्हणाले. "तो नारळ परत शनिवार पेठेत न्यायचाय का?"